समई, ईथर आणि पूजेतल्या किल्ल्या

शुक्रवार, १७ ऑक्टोबर १९८०. काम: प्रयोगशाळेतलं जे जे म्हणून पेटतं ते बाहेरच्या गोदामात हलवणे. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे यंत्रांची पूजा, म्हणजे उदबत्ती, कापूर, निरांजन. बाटल्या आधी बाहेर जातील आणि देव मग आत येतील, हा क्रम मी लावून दिला होता आणि दरवर्षी त्यावरून कुरकुर ऐकत होते.

हातगाडी ओढायला हरिभाऊ म्हात्रे होते. आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई, जवळच्याच गावचे, भातशेती सांभाळून नोकरी करणारे. त्यांच्या दृष्टीने नोकरी हा जोडधंदा होता.

"बाई, दरसाली ही बाटल्यांची वरात कशाला? देवाच्या दिव्यानं कदी आग लागलीय काय?"

"दिवा देवाचा की बिडीचा, ते ईथरला कळत नाही, हरिभाऊ."

"बिडीचं तुमी अजून मनात धरलंय."

धरलं होतंच. गॅसच्या टाक्यांमागे सावली चांगली पडते म्हणून हा माणूस तिथे बसून बिडी ओढत असे. टाक्यांची जागा बदलता येत नव्हती आणि सावलीची त्याहून नाही, म्हणून शेवटी मी तिथे पाण्याचा माठ ठेवला. माठाजवळ बायका येऊ लागल्या, आणि बायकांसमोर हरिभाऊ बिडी ओढत नसत. नियम सांगून जे वर्षभर झालं नाही ते माठाने आठवड्यात केलं. माझ्या नोकरीत शिकण्यासारखं काही असेल तर ते हे आहे, आणि ते कोणत्याही रसायनशास्त्राच्या पुस्तकात नाही.

आमची संस्था संशोधनाची. पाताळगंगेच्या काठी, रसायनीच्या अलीकडे. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून दिवाळीला मला फराळाचा डबा पाठवतात. मी कर्जतची. संस्थेच्या बसने चौकमार्गे जायचं, त्याच बसने परत यायचं. कागदावर माझं पद होतं वरिष्ठ तांत्रिक सहायक. प्रत्यक्षात काम एकच होतं, 'नाही' म्हणणे.

कारण प्रयोगशाळा सामायिक होती. नेमका तराजू, प्रकाश मोजणारं यंत्र, हवा ओढणारा पंखा लावलेली काचेची कपाटं, या वस्तू महागड्या. प्रत्येकाला त्या वेगळ्या घेऊन देणं शक्य नव्हतं. म्हणून संस्थेतले तिन्ही विभाग, आसपासच्या कारखान्यांतले लोक आणि महाविद्यालयातली संशोधन करणारी मुलं, सगळ्यांनी मिळून त्या वापरायच्या. सार्वजनिक गणपतीच्या भांड्यांसारखं. वापरायला सगळं गाव, घासायच्या वेळी कोणी नाही.

भिंतीवर नियमांचा फलक होता. बंद बूट घालावेत. डोळ्यांना गॉगल लावावा. काही खाऊ-पिऊ नये. फ्रिजमध्ये घरची वस्तू ठेवू नये. ईथर उघडं असताना ज्योत पेटवू नये. एकट्याने काम करू नये. किल्ली माझ्याकडून घ्यावी, मलाच परत द्यावी. यातला एकही नियम मी बसल्या बसल्या सुचला म्हणून लिहिलेला नाही. प्रत्येकामागे एकेक माणूस उभा आहे.

खाऊ-पिऊ नये, यामागे एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ होते. कडक एकादशी. घरून आलेली साबुदाण्याची खिचडी गार झाली की ते ती आमच्या गरम पाण्याच्या पात्रावर ठेवत. सकाळी त्याच पात्रात कोणीतरी शिशाचे क्षार ऊन करून गेलेलं असे. मी सांगितलं तर म्हणाले, "डबा झाकलेला आहे, बाई." फ्रिजबद्दलचा नियम एका सहायिकेमुळे आला. तिने नवरात्रात गजरा ताजा राहावा म्हणून ब्रोमीनच्या बाटलीशेजारी ठेवला आणि संध्याकाळी तो तांबूस होऊन निघाल्यावर 'फ्रिज नीट चालत नाही' अशी तक्रार माझ्याकडे केली. कारखान्यातून येणारे एक साहेब गॉगल कपाळावर लावत. डोळ्यांवर का नाही विचारलं, तर म्हणाले, "मी एवढी वर्षं प्लांट चालवतोय." प्लांट ते चालवत होते यात शंका नाही. डोळे कपाळावर नव्हते, यातही नाही.

पण सगळ्यांत जास्त मी बुटांपायी हरले. आपल्या माणसाला एखादी जागा पवित्र वाटली की तो आधी चपला काढतो. कोणीतरी भक्तिभावाने दाराच्या वर सरस्वतीची तसबीर लावली, आणि त्या आठवड्यापासून दाराबाहेर चपलांची रांग लागली. आत काचेचे तुकडे, सांडलेलं आम्ल, आणि त्यावर अनवाणी फिरणारे पदवीधर. एकाच्या अंगठ्यावर थेंब पडला तेव्हा तो पाय झटकत नळाकडे धावायच्या ऐवजी दाराकडे धावला, चपला घालायला. मी तसबीर उतरवून कचेरीत लावली. चपला आत आल्या आणि मी नास्तिक ठरले. घरी माझे चारही सोमवार आणि मंगळागौर चुकलेली नव्हती, पण ते कोणाला सांगत बसणार.

बाहेरच्यांना प्रवेश हा माझ्या हट्टाचा विषय होता. संस्थेचे विभागप्रमुख डॉ. पेंडसे सुरुवातीला नको म्हणत होते. माणूस सज्जन. कोणाला उलट बोलायचे नाहीत, हाताखालच्यांच्या मुलांची नावं लक्षात ठेवायचे, रसायनशास्त्र तर बोटांत होतं. फक्त नियम हे इतरांसाठी असतात असा त्यांचा शांत समज होता. मी त्यांना सांगितलं की बाहेरच्या प्रत्येकाला मी अर्धा दिवस शिकवेन, मग परीक्षा घेईन, पास झाला तरच आत. परीक्षा सोपी होती. डोळे मिटायचे आणि उभ्या असलेल्या जागेवरून डोळे धुण्याच्या नळापर्यंत चालत जायचं. डोळ्यांत आम्ल गेलं तर डोळे उघडे नसतातच, तेव्हा वाट पायांना माहीत हवी. संस्थेतल्या लोकांनीही ही परीक्षा द्यावी असं मी सुचवलं, तर डॉ. पेंडसे हसून म्हणाले, "गुप्तेबाई, आम्ही परीक्षा घेणारे." त्यावर सगळे हसले. मीही हसले असेन. बस पकडायची होती.

मंदा थोरवे ही परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाली. एकाही स्टुलाला धक्का नाही. खालापूरजवळच्या गावची, घरी भातशेती, आणि ही खोपोलीच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात. तिथे बी. एस्सी. मुलीला डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला ठेवलं होतं. एम. एस्सी. झाली तर तिथल्याच प्रयोगशाळेत घेऊ, असं मालकाने तोंडी कबूल केलं होतं. म्हणून ती संशोधन करून एम. एस्सी. करत होती. डोंगरातल्या एका वेलीच्या मुळातून काय निघतं, हा तिचा विषय. पावसाळा सरताना मुळं खणायची, वाळवायची, त्यांचा अर्क काढायचा, आणि शनिवारी अर्ध्या पाळीनंतर आमच्याकडे येऊन पुढचं काम करायचं. दोनदा काम फुकट गेलं होतं, एकदा मुळं बुरशीने गेली आणि एकदा आईच्या आजारपणात. हा शेवटचा हंगाम. विद्यापीठातली मुदत त्या महिन्याअखेर संपत होती. मार्गदर्शकांना सोमवारी आकडे हवे होते, आणि आता राहिलं होतं फक्त शेवटचं वजन: पदार्थ भट्टीत सुकवायचा, गार करायचा, तोलायचा, पुन्हा सुकवायचा, लागोपाठची दोन वजनं जुळेपर्यंत. पदार्थ ओला असला की उबेत हळूहळू बिघडणारा, म्हणून सुकवेपर्यंत त्याची छोटी कुपी आमच्या फ्रिजमध्ये.

तिचे पांढरे कॅनव्हासचे बूट खोपोलीच्या बाजारातून घेतलेले होते. त्यावरून हरिभाऊ तिला छळत.

"मंदे, कवायतीला चाललीस काय गं?"

"नाय काका, तुमच्या बिडीची आग लागली तर पळाया बरे."

खंडेनवमी शनिवारीच आली, म्हणजे तिचाच दिवस. मी डॉ. पेंडशांना आधी विचारून ठेवलं होतं. "पूजा सकाळीच आटपेल, दुपारी मुलगी काम करू दे," असं ते म्हणाले होते. मी मंदाला तसा निरोप दिला. शब्दावर विसंबायचं असतं तर भिंतीवर फलक कशाला लावावा लागला असता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शनिवारी पूजा थाटात झाली. दाराला तोरण. प्रत्येक यंत्रावर झेंडूचं फूल, हळदकुंकवाची बोटं. नेमक्या तराजूच्या पारड्यातही कोणीतरी कुंकू वाहिलं. जो तराजू श्वास लागला तरी हलतो, त्यात. मी डोळे मिटून घेतले. खोलीच्या मधोमध जमिनीवर रांगोळी, पाटावर पितळी समई, आणि तिच्यापुढे पूजेचं तबक. तबकात नारळ, सुपारी, विड्याची पानं आणि किल्ली. आमच्याकडे किल्लीचीही पूजा व्हायची. ज्याच्यामुळे घर उघडतं त्याला कुंकू नको का, असं डॉ. पेंडसे म्हणत, आणि यात मला काही वावगं वाटत नसे. त्या दिवशी मात्र त्यांनी दुसरी, जादा किल्लीही मागून घेतली. तीही किल्लीच ना. मी दोन्ही तबकात ठेवल्या.

आरती झाली, पेढे वाटले गेले. मी प्रसाद घेऊन गोदामाकडे गेले, कारण गोदामाचं दार कोणीतरी उघडं टाकलं होतं आणि पेटणाऱ्या बाटल्यांच्या खोलीत दोन शेळ्या सावलीला शिरल्या होत्या. शेळ्या बाहेर काढणं, एक बाटली लवंडली होती तिची सांडलवंड पुसणं, यात वेळ गेला. परत आले तर प्रयोगशाळेला कुलूप. सगळे पांगलेले. डॉ. पेंडसे कारखान्यातल्या एका स्नेह्यांकडे खंडेनवमीचं जेवायला खोपोलीला गेले होते आणि किल्ली त्यांच्या खिशात होती.

दुपारी मंदा आली. हातात डबा, खांद्याला पिशवी, पायात ते बूट.

"बाई, बंद?"

"येतील इतक्यात," मी म्हटलं, आणि दाराच्या काचेतून आत बघितलं.

समई जळत होती. पंख्यांचा आवाज येत नव्हता. फ्रिजची घरघरही नव्हती. माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, कारण असं कोणी करील हे डोक्यात येत नाही. पूजेनंतर यंत्रांना त्या दिवशी हात लावायचा नाही, त्यांना विश्रांती द्यायची, ही रीत. दरवर्षी एकेक यंत्र बंद होई. यंदा कोणीतरी सोय म्हणून भिंतीवरचा मेन स्विचच खाली ओढला होता. यंत्रांबरोबर हवा ओढणारे पंखे गेले, फ्रिजही गेला. आणि समई? समई कोणी फुंकत नाही. तेल संपलं की ती आपली आपण शांत होते. दिवसभराचं तेल घालून, वात सारून, नमस्कार करून, माणसांनी दाराला कुलूप घातलं होतं. दुसरी किल्ली समईसमोर तबकात, कुंकू लागलेली, मला काचेतून स्वच्छ दिसत होती.

एवढं असतं तरी मी नुसती चिडले असते. पण मंदा म्हणाली, "बाई, वास येतोय."

दाराच्या फटीशी वाकले. गोडसर, डोकं हलकं करणारा वास. ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही.

न कळणाऱ्यांसाठी सांगते. ईथर हा पाण्यासारखा दिसणारा द्रव. आपल्या अंगाच्या उष्णतेवर तो उकळतो, आणि ऑक्टोबरातली रसायनीची दुपार अंगाहून कमी गरम नसते. त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटते, आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोचली की मागे फिरून बाटलीपर्यंत पेटत येते. म्हणून ईथर फ्रिजमध्ये ठेवायचं नाही हा माझा नियम. साध्या फ्रिजच्या आत ठिणगी उडते. म्हणून पूजेआधी सगळं ईथर गोदामात. तरीही आत कुठेतरी ईथर होतं. ते उघड्यावर असतं तर सकाळीच वास आला असता. म्हणजे बंद पडलेल्या, गरम होत चाललेल्या फ्रिजमध्ये. आणि खोलीत सगळ्यांत खाली, जमिनीवर, पाटावर, समई.

"हरिभाऊ, बागेची पाण्याची नळी आणा. मंदा, त्या भिंतीमागे जा. कोणालाही इकडे येऊ देऊ नकोस."

मागच्या बाजूला एक खिडकी होती, आडव्या काचपट्ट्यांची. त्या पट्ट्या खाचेतून सरकवून हाताने काढता येतात. मी वरच्या दोन-तीन काढल्या. हरिभाऊ नळी घेऊन आले आणि माझा विचार त्यांच्या ध्यानात आला.

"बाई, समई पाण्यानं इझवायची?"

"हो."

"आजच्या दिवशी? पूजेची हाय ती."

"पाणी सोडा, हरिभाऊ."

"मी नाय सोडणार. माझ्या हातनं नाय व्हायचं ते."

"मग तोटीपाशी उभे राहा आणि मी सांगितलं की फिरवा. विझवेन मी. तोटी फिरवायला काही पाप नाही."

त्यांनी यावर विचार केला. खरोखरच केला; मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग ते तोटीपाशी गेले. मी नळीचं तोंड बोटाने दाबून फवारा केला आणि खिडकीतून समईवर मारला. वाती एकेक करून गेल्या. तबक भरलं, रांगोळी वाहिली, नारळ गडगडत टेबलाखाली गेला. हरिभाऊ तोटीपाशी डोळे मिटून उभे होते, हात जोडून. मीही हात जोडले असते, पण हातात नळी होती.

मग बाकीच्या काचपट्ट्या काढल्या. उरलेल्या खिडक्या बाहेरून ढकलून उघडता आल्या नाहीत, तेव्हा दोन काचा दगडाने फोडल्या. वारं आरपार वाहायला लागलं. मेनला हात लावायचा नाही. स्विच ओढताना ठिणगी उडते. नुसतं थांबायचं. थांबणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यांत अवघड काम, कारण त्यात काही केल्यासारखं दिसत नाही.

वास पुरता गेल्यावर प्रश्न आला आत जायचा. कुलूप तोडायला पहार चालवली असती तर लोखंडावर लोखंड, पुन्हा ठिणगी. किल्ली तबकात. खिडकीचं माप आणि माझं माप जुळत नव्हतं. हरिभाऊंचा गुडघा वाकत नव्हता, आणि समई विझवलेल्या खोलीत त्यांना जायचंही नव्हतं.

मंदाने पिशवीतून गॉगल काढून लावला. बुटाची नाडी पुन्हा आवळली.

"बाई, पण एकट्यानं आत जायचं नाही ना?"

"मी खिडकीत आहे. नजर तुझ्यावर आहे, तेवढं चालेल."

ती आत उतरली, पाण्यातून चालत तबकातली किल्ली उचलली, खिडकीतून माझ्या हातात दिली आणि तशीच बाहेर आली. मी पुढून दार उघडलं. फ्रिज उघडला तेव्हा आतून वासाचा लोट आला. मागच्या बाजूला ईथरची मोठी बाटली. आतल्या वाफेने तिचं काचेचं बूच उचललं गेलं होतं. मेन बंद होता म्हणून फ्रिजची ठिणगी टळली, हेही खरं. ज्या खुळेपणाने समई धोक्याची झाली त्यानेच ते एक संकट वाचवलं. बाटली मी दोन्ही हातांनी बाहेर अंगणात नेऊन सावलीत ठेवली. मंदाची कुपी खालच्या खणात होती. कोमट लागली. तिने ती उजेडात धरली, रंग बघितला.

"अजून बरी हाय," ती म्हणाली. घाबरली की तिची भाषा घरची होई. "पण ऊब लागलीय, सोमवारपर्यंत नाय टिकायची."

तेवढ्यात जीप आली. डॉ. पेंडसे उतरले, तोंडात विडा. फुटक्या काचा, वाहिलेली रांगोळी, ओली समई, सगळं बघत दारात उभे राहिले.

"हे काय?"

"फ्रिजमध्ये ईथर कोणाचं?" मी विचारलं.

"माझं." जराही न अडखळता. "सोमवारी सकाळी लागणार होतं. गोदामातून पुन्हा कोण आणत बसणार?"

"आणि मेन?"

"यंत्रांना विश्रांती, गुप्तेबाई. म्हटलं एकेक कुठे बंद करत बसा."

"समई तशीच जळत ठेवून?"

त्यांनी माझ्याकडे निरागस आश्चर्याने बघितलं. "समई फुंकून का कोणी जातं?"

मग त्यांनी स्वतःच फ्रिज, समई आणि बंद पंखे यांच्याकडे एकामागून एक नजर फिरवली. रसायनशास्त्र बोटांत असलेला माणूस. विडा चावायचा थांबला. ते स्टुलावर बसले. मला वाटलं, कळलं. कळलंही होतं. पण कळण्याचा आणि पुढे काय करायचं याचा संबंध असतोच असं नाही.

"संचालक विचारतील," ते शेवटी म्हणाले. "खिडक्या फुटल्या आहेत. आत कोण गेलं होतं?"

"किल्ली काढायला मंदा गेली."

"म्हणजे बाहेरची मुलगी खिडकीतून आत शिरली." ते वाक्य त्यांना सापडलं तसा त्यांचा चेहरा मोकळा झाला. वाईट हेतू नव्हता. बुडणाऱ्या माणसाच्या हाताला फळी लागावी तसं ते वाक्य त्यांच्या हाताला लागलं होतं. "हे मात्र नियमात बसत नाही, बाई. तुम्हीच केलेला नियम. सोमवारपासून बाहेरच्यांना प्रवेश बंद. तसं पत्र काढतो."

मंदा दारातच उभी होती. "सर, माझं एकच वजन राहिलंय."

"पुढच्या हंगामात बघू."

"पुढचा हंगाम नाही, सर. मुदत संपतेय."

"बघू," ते म्हणाले. आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको.

मी वाद घातला नाही. रागाच्या भरात घातलेला वाद दुसऱ्याच्या कामाचा नसतो. जाताना त्यांनी खिशातली किल्ली काढून माझ्यापुढे धरली. "ही तुम्हीच ठेवा. असल्या दिवशी माझ्याकडे नको." मी घेतली. आता दोन्ही किल्ल्या माझ्याकडे होत्या. बाटली गोदामात नेली, फ्रिज उघडा ठेवून आतला वास जाऊ दिला, मग मेन चालू केला, फ्रिज पुन्हा घरघरू लागला, मंदाची कुपी आत ठेवली. बसची वेळ झाली होती, आम्ही तिघं चालत निघालो. वाटेत हरिभाऊ तिला म्हणाले.

"मंदे, रडू नको गं. समई इझली, माझ्या तोटीनं. पाप मला. तुला कशाला?"

"कोण रडतंय?" ती म्हणाली.

बसमध्ये, तिचा फाटा यायच्या आधी, मी तिला एवढंच सांगितलं, "उद्या सकाळी बूट घालून ये."

"उद्या दसरा हाय, बाई."

"माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेची बस नव्हती. घरी मी श्रीखंडाचा चक्का टांगून ठेवलेला होता तो जाऊबाईंच्या हवाली केला, त्यांचं बोलणं ऐकून घेतलं, आणि एसटीने निघाले. संस्थेच्या फाटकाशी मंदा आधीच येऊन उभी होती, केसांत झेंडूचं फूल. पहारेकऱ्याने विचारलं, सुट्टीच्या दिवशी कशा? मी म्हटलं, काम आहे. त्याने माझ्या हातातल्या किल्ल्यांकडे बघितलं आणि फाटक उघडलं.

आत भट्टी लावली. कुपीतला पदार्थ सुकवायला ठेवला. मग नेमक्या तराजूची काच उघडली आणि मऊ कुंचल्याने पारड्यातलं कुंकू कणाकणाने झाडून काढलं. त्यावरचं फूल उचलून खिडकीत ठेवलं. मंदा मागे उभी होती, गॉगल, अॅप्रन, बूट, सगळं जागच्या जागी, पण हात पाठीमागे.

"बाई, पूजेतला हाय. उत्तरपूजा झाल्याबिगर हात कसा लावू?"

"नमस्कार कर आणि लाव. दसऱ्याला काम सुरू करतात ना?"

तिने तराजूला हात जोडले. मग विचारलं, "आणि सरांचं पत्र?"

"सर म्हणाले सोमवारपासून. आज रविवार आहे. वजन कर."

एकट्याने काम करायचं नाही, म्हणून मी एक स्टूल ओढलं आणि दोन वजनं जुळेपर्यंत तिच्या मागे बसून राहिले.